वर्गातले चार गजानन

आमच्या आठवीच्या वर्गात चौसष्ट मुले-मुली होती आणि त्यांत चार गजानन होते. यात नवल असे काही नव्हते. आमचे गाव आजच्या वाशीम जिल्ह्यातले. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. आम्ही आठवीत होतो तेव्हा तो अकोला जिल्ह्याचाच भाग होता. शेजारी बुलडाणा जिल्ह्यात शेगाव. त्यामुळे वऱ्हाडात त्या काळी गजानन हे नाव घरोघरी. सरांनी "गजानन, फळा पूस" असे म्हटले की चौघेही एकमेकांकडे पाहत बसत आणि मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येई, "कोन्ता गजानन, सर?"

हजेरीपटात याचे उत्तर होते. तिथे प्रत्येकाचे, त्याच्या वडिलांचे नाव आणि आडनाव लिहिलेले होते. पण कबड्डीच्या मैदानावर एवढे लांबलचक नाव कोण घेणार? पंधरा दिवसांत वर्गाने आपली सोय आपणच करून घेतली. एक गजानन उंच होता, तो 'लांब्या' झाला. दुसऱ्याचे वडील शिवणकाम करीत, तो 'टेलर'. तिसरा शेलू बाजारहून येई, तो 'शेलूवाला'. चौथा 'जुना'. हा मागच्या वर्षी आठवीत नापास होऊन पुन्हा त्याच वर्गात बसला होता. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना वर्गशिक्षक सहज म्हणून गेले, "हा जुना गजानन, बाकीचे तिघे नवे." त्यांच्या मनात वाईट काही असेल असे मला आजही वाटत नाही.

या चार नावांचा मी अलीकडे पुन्हा विचार करू लागलो. त्याचे कारण पुढे येईलच. टोपणनाव ही आपण थट्टेची गोष्ट समजतो. स्नेहसंमेलनात 'फिशपाँड' टाकण्यापुरती किंवा सामान्यज्ञानाच्या परीक्षेत 'कुसुमाग्रज कोण?' असे विचारण्यापुरती. पण टोपणनाव काहीतरी काम करीत असते, ते काम मोजता येते आणि ते कुठे बिघडते हेही सांगता येते. आधी ते काम पाहू.

सहा प्रश्नांचा खेळ

एक खेळ घ्या. चौसष्ट मुलांपैकी एक मूल मी मनात धरले आहे. तुम्ही मला फक्त 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर येईल असेच प्रश्न विचारायचे. कमीत कमी किती प्रश्नांत तुम्ही ते मूल नक्की ओळखाल? हुशार विद्यार्थी प्रत्येक प्रश्नाने संख्या निम्मी करील. 'हजेरी क्रमांक ३२ पर्यंत आहे का?' उत्तर काहीही येवो, उरले ३२. मग १६, ८, ४, २ आणि शेवटी १. सहा प्रश्न झाले.

आता समजा मी आधीच सांगून टाकले की त्याचे नाव गजानन आहे. चौसष्टांतून एकदम चारच उरले. म्हणजे 'गजानन' या शब्दाने सहांपैकी चार प्रश्नांचे काम केले, दोन प्रश्नांचे शिल्लक राहिले. वर्गात मधुकर एकच होता. तेव्हा 'मधुकर' हा शब्द सहाही प्रश्नांचे काम एकटा करीत होता आणि मधुकरला कधी टोपणनाव पडले नाही. गजाननांचे जे दोन प्रश्न शिल्लक होते, ते 'लांब्या', 'टेलर', 'शेलूवाला', 'जुना' या शब्दांनी सोडवले.

अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन याने १९४८ साली माहिती मोजण्याचे जे शास्त्र मांडले, त्याचे मूळ या खेळातच आहे. एका हो-नाही प्रश्नाच्या उत्तरात जेवढी माहिती मिळते (दोन्ही उत्तरे सारखीच शक्य असताना) तिला 'बिट' म्हणतात. संगणकाचा बिट तो हाच. तेव्हा आमच्या वर्गात 'गजानन' चार बिटांचा आणि 'मधुकर' सहा बिटांचा होता असे म्हणायला हरकत नाही.

यातून एक गोष्ट लगेच कळते. टोपणनाव त्या त्या समूहापुरतेच चालते. 'शेलूवाला' हे नाव आमच्या वर्गात चालत होते, कारण शेलू बाजारहून येणारा गजानन एकच होता. खुद्द शेलू बाजारात या नावाचा उपयोग शून्य! 'मास्तर' हे टोपणनाव एकशिक्षकी शाळेच्या गावात उत्तम, शिक्षकांच्या खोलीत निरुपयोगी. समूहात जी खूण दुर्मीळ, तीच ओळख पटवते.

गावांच्या नावांतही हेच झालेले दिसते. जिल्ह्याचा नकाशा मुलांसमोर ठेवा. मंगरूळ नावाची गावे अनेक. म्हणून आपले मंगरूळ पिराच्या दर्ग्यावरून मंगरूळपीर झाले. अमरावती जिल्ह्यातले एक मंगरूळ दस्तगीर, दुसरे मंगरूळ चव्हाळा. आपले कारंजा ते कारंजा लाड, वर्धा जिल्ह्यातले ते कारंजा घाडगे. शिरपूर धुळे जिल्ह्यातही आहे, म्हणून आपले ते शिरपूर जैन. मालेगाव म्हटले की सारा महाराष्ट्र नाशिक जिल्ह्याकडे पाहतो, म्हणून आपल्याला मालेगाव जहांगीर म्हणावे लागते. गावाच्या नावामागे लागणारे 'बु.' आणि 'खु.', म्हणजे बुद्रुक आणि खुर्द, हे मोठा आणि धाकटा असे भेद सांगणारे शब्द आहेत. चौघा गजाननांना वर्गाने जे केले, तेच गावांना वाटसरूंनी आणि महसूल खात्याने केले. फरक इतकाच की गावांची जोडनावे कागदावर चढली.

माणसांचीही कधी कधी चढतात. काळे, गोरे, टकले, बोबडे ही आडनावे कुठून आली असतील हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ नको. कोण्या एका पूर्वजाला वर्गमित्रांनी म्हणा, भावकीने म्हणा, चिकटवलेली खूण पुढच्या पिढ्यांनी निमूटपणे सहीत लिहिली. ज्याला टोपणनाव पडते त्याच्याबरोबर ते संपतेच असे नाही, हे लक्षात असू द्या.

नात्यावरून ओळख पटवणे हा आणखी एक प्रकार. आमच्या गल्लीत मी लहानाचा मोठा होईपर्यंत बहुतेक बायकांची नावे मला ठाऊक नव्हती. 'संतोषची माय', 'मास्तरीणबाई', 'वरच्या आळीची काकू' एवढ्यावर काम भागे. ओळख पटायला हे पुरेसे होते, यात शंका नाही. पण संतोष जन्माला यायच्या आधी या बाईला लोक काय म्हणत होते, ते तिच्या माहेरीच विचारावे लागे. केशवसुत म्हणजे केशवाचा मुलगा आणि कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ. बनावट तीच, नात्यावरून ओळख देण्याची. मात्र कृष्णाजी केशव दामले आणि वि. वा. शिरवाडकर यांनी ती नावे स्वतः निवडली. 'संतोषची माय' हे नाव त्या बाईने निवडले नव्हते. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

गज्या, पक्या, म्हाद्या

ओळख नुसती पटून भागत नाही, ती थोडक्यात पटावी लागते. जॉर्ज झिफ नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात शब्दांची मोजणी करून दाखवले की भाषेत जे शब्द वारंवार लागतात ते बहुधा आखूड असतात. लांब शब्द रोज लागू लागला की लोक तो कापतात. 'ऑटोरिक्षा'चे उदाहरण फार गमतीचे आहे. आपण विदर्भात त्याचे शेपूट तोडून 'ऑटो' म्हणतो, पुणेकर डोके तोडून 'रिक्षा' म्हणतात. वाहन एकच!

हाका मारायची नावेही अशीच कापली जातात, पण ती वाटेल तशी नव्हे. गजाननचा गज्या, संतोषचा संत्या, दिनेशचा दिन्या, प्रकाशचा पक्या. प्रत्येक ठिकाणी नावाची सुरुवात ठेवली आहे, बाकीचे टाकून दिले आहे आणि शेवटी एक ठरावीक प्रत्यय लावला आहे. एकूण दोन अक्षरे. महादेवचे 'महाद्या' केले तर तीन अक्षरे होतात, तर गावाने त्याचे 'म्हाद्या' करून हिशेब दोनावर आणला. 'प्रकाश'मधला र कुठे गेला? लहान मुलांना जोडाक्षर जड जाते, ती 'प्र'चा 'प' करतात. लाडाची पुष्कळ नावे बाळाच्या नाहीतर धाकट्या भावंडाच्या तोंडून प्रथम येतात, त्याचा हा पुरावा समजायला हरकत नाही.

शेवटचा प्रत्यय मात्र ओळखीसाठी नसतो. तो नाते सांगतो. विठ्ठल या एका नावाचेच पाहा. विठ्या, विठू, विठोबा. 'विठ्या'त सलगी आहे, रागावण्याचा हक्कही आहे. जनाबाईने देवाला तसे म्हटलेले आहे. 'विठू'त माया आहे. 'विठोबा'त आदर आहे. अर्थ तोच, देव तोच, बदलते ते बोलणाऱ्याचे अंतर. मुलींच्या बाबतीत बहुधा 'ई' येते. सुमनची सुमी, मंगलाची मंगी. 'या'चा अधिकार समवयस्कांचा किंवा मोठ्यांचा. गज्या म्हणणारा मित्र असला तर ते प्रेम. तालुक्याचा साहेब पन्नाशीच्या शेतकऱ्याला गज्या म्हणाला तर तो अपमान. शब्द एक, पण तो कुणी वापरला यावर अर्थ ठरतो. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम फारसा कुणी लिहीत नाही; मुले तो पाचव्या वर्षी शिकलेली असतात.

संतांच्या अभंगांत याचे सुंदर रूप दिसते. स्वतःच्या नाममुद्रेत ते नाव कापून घेतात. नामदेव 'नामा' होतो, तुकाराम 'तुका', जनाबाई 'जनी', चोखामेळा 'चोखा'. लोक मात्र ती नावे वाढवतात. तुकोबा, चोखोबा. स्वतःला आखूड, दुसऱ्याला लांब, ही आपल्याकडची रीत आहे.

वऱ्हाडात तर याच्याही पुढे जाणारी दोन उदाहरणे आहेत. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर. हातात मातीच्या गाडग्याचे खापर घेऊन फिरत, त्यातच जेवत, म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. दुसरे त्याच जिल्ह्यातील यावलीचे माणिक, जन्म १९०९. गुरू आडकोजी महाराजांनी त्यांना तुकड्या म्हटले आणि पुढे राष्ट्रसंत म्हणून देशभर ओळखले गेल्यावरही भजनाच्या शेवटी ते 'तुकड्यादास' अशीच नाममुद्रा घालत राहिले. एक नाव फुटक्या मडक्याचे, दुसरे भाकरीच्या तुकड्याचे. दोन्ही दुसऱ्यांनी दिलेली. पण नावाच्या धन्यांनी ती आनंदाने अंगावर घेतली. आज वाशीमचा विद्यार्थी पदवी घेतो ती संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची. म्हणजे त्याच्या पदवीपत्रावर विद्यापीठाच्या नावात एक टोपणनावच छापलेले असते. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव, 'बाळ' हे घरात हाक मारायचे. इतिहासाच्या पुस्तकात गेले ते 'बाळ'. बाबा आमट्यांचे नाव मुरलीधर, आणि 'बाबा' हे लहानपणीच घरात पडलेले नाव.

समासात लिहिलेले नाव

येथवर वाचून एखादे विज्ञानशिक्षक म्हणतील, हे भाषेचे झाले, आमच्या विषयाचा याच्याशी काय संबंध? संबंध जवळचा आहे. आपण वर्गात शिकवतो ती वनस्पतींची शास्त्रीय नावे मुळात टोपणनावेच होती.

पावसाळ्यात सोयाबीनच्या शेतात, धुऱ्यावर एक तण येते. त्याचे फळ कागदी पिशवीत गुंडाळल्यासारखे असते, पोरे ते कपाळावर फोडतात. कुठे त्याला पोपटी म्हणतात, कुठे चिरबोटी. याच कुळीतल्या एका जातीचे नाव अठराव्या शतकातल्या युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञ असे सांगत : 'फायसॅलिस ॲन्युआ रॅमोसिसिमा, रॅमिस अँग्युलोसिस ग्लॅब्रिस, फोलिइस डेंटॅटो-सेरॅटिस'. म्हणजे 'एक वर्ष जगणारी, पुष्कळ फांद्यांची, फांद्या कोनदार व बिनलवेच्या, पाने दातेरी असलेली फायसॅलिस'. हे नाव की वर्णन? दोन्ही. नावात पूर्ण ओळख हवी असा आग्रह होता आणि नवी झाडे सापडत गेली तशी नावे लांबत गेली. हजेरीपटातल्या पूर्ण नावासारखीच त्यांची गत झाली.

स्वीडनच्या कार्ल लिनिअसने १७५३ साली 'स्पीसीज प्लँटारम' हा ग्रंथ छापला. त्यातही त्याने लांब नावेच मुख्य मानली. पण वापरायला सोपे म्हणून पानाच्या समासात प्रत्येक जातीपुढे एकेक शब्द लिहिला. या जातीपुढे शब्द होता 'अँग्युलाटा', म्हणजे कोनदार. फायसॅलिसांच्या वर्गातला हा 'लांब्या'च म्हणायचा. लिनिअसच्या लेखी हे किरकोळ नाव होते. लोकांनी मात्र मुख्य नाव टाकून दिले आणि समासातले उचलले. फायसॅलिस अँग्युलाटा! आज तेच अधिकृत आहे.

शेतकऱ्यांची टोपणनावेही निरीक्षणात कमी नसतात. नाल्याकाठी, तलावाच्या कडेला गुलाबी-जांभळ्या फुलांचे एक झुडूप माजते, त्याला आपण 'बेशरम' म्हणतो. शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया. बेशरम का? उपटून फेकले तर पडल्या जागी मुळे फुटतात आणि पुन्हा उभे राहते. शाकीय पुनरुत्पादनाचा पूर्ण धडा त्या एका शिवीत आहे. कार्निया या शब्दाने फुलाचा मांसल रंग तेवढा कळतो. मला विचाराल तर या बाबतीत आमच्या गावाने लिनिअसच्या परंपरेवर मात केली आहे.

तरीही शास्त्रीय नाव लागतेच, आणि ते का लागते हे मुलांना सांगताना टोपणनावाची मर्यादा सांगावी. 'ब्राह्मी' म्हणून एका ठिकाणी बॅकोपा मोनिएरी ही वनस्पती दाखवतात, दुसऱ्या ठिकाणी सेंटेला एशियाटिका. दोन्हींची कुळेसुद्धा वेगळी. आपापल्या गावात 'ब्राह्मी'ने काम चोख होते. दोन गावांचा व्यापार सुरू झाला की घोटाळा. बियाण्याचेही तसेच. वाशीम हा सोयाबीनचा जिल्हा. १९९४ साली प्रसारित झालेले जे. एस. ३३५ हे वाण, म्हणजे 'जवाहर सोयाबीन ३३५', आपल्याकडे नुसते 'तीनशे पस्तीस' म्हणून ओळखले जाई. के. डी. एस. ७२६ या वाणाचे नाव 'फुले संगम'; लोक म्हणतात 'संगम'. शेजाऱ्याने आपल्या शेतातले 'संगम' दिले तर ते काय आहे हे दोघांनाही डोळ्यांनी दिसते. पण बाजारात मोकळ्या पोत्यातले दाणे 'संगम' म्हणून घेतले, तर ओळख पटवणारे ते शेत समोर नसते. तिथे टोपणनाव पुरे पडत नाही. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवरची निळी खूणचिठ्ठी आणि तिच्यावरचा वाणाचा पूर्ण क्रमांकच पाहावा लागतो.

मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथलेही एक उदाहरण देतो. फळमाशीवर संशोधन करणाऱ्यांना जनुकांना गमतीची नावे द्यायची जुनी सवय आहे. टॉमस मॉर्गनने १९१० साली पांढऱ्या डोळ्यांची माशी नोंदली, म्हणून ते जनुक 'व्हाइट'. एक जनुक बिघडले की अळीच्या अंगावर काट्यांचे रान माजते, म्हणून त्याचे नाव 'हेजहॉग', म्हणजे साळिंदरासारखा दिसणारा एक छोटा काटेरी प्राणी. पुढे १९९०च्या दशकात याच कुळातले जनुक कोंबडी, उंदीर, माणूस यांच्यात सापडले, तेव्हा व्हिडिओ गेममधल्या एका पात्रावरून त्याचे नाव ठेवले 'सॉनिक हेजहॉग'. प्रयोगशाळेत सगळे हसले. पण माणसात हे जनुक बिघडले तर गर्भाच्या मेंदूचे दोन भाग नीट वेगळे होत नाहीत. ज्या आईबापांचे बाळ असे जन्मले, त्यांना डॉक्टरांनी काय सांगायचे? तुमच्या बाळाच्या 'सॉनिक हेजहॉग'मध्ये दोष आहे? डॉक्टरांच्या तक्रारी आल्या आणि २००६च्या सुमारास मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीला अशा काही नावांचा फेरविचार करावा लागला. पुढे कामात बहुधा आद्याक्षरेच वापरली जाऊ लागली.

माशीला तिच्या नावाचे काही वाटत नव्हते. नाव माणसाच्या घरात गेले तेव्हा प्रश्न उभा राहिला.

काळ्या आणि जुना

आता पुन्हा वर्गात येऊ. आमच्या शाळेत 'काळ्या' या नावाने पुकारली जाणारी तीन-चार मुले होती. मघाचा सहा प्रश्नांचा खेळ इथे लावून पाहा. वऱ्हाडातल्या उन्हात शेतात राबणाऱ्या घरांतली आम्ही मुले. निम्म्याहून अधिक वर्ग सावळाच. अशा वर्गात 'काळ्या' म्हटल्याने किती मुले वगळली जातात? निम्मीसुद्धा नाहीत. म्हणजे हा शब्द पुरता एक बिटही माहिती देत नाही. ओळख पटवण्याचे काम तो करीतच नाही. तरी तो वर्षानुवर्षे टिकतो. याचा अर्थ त्याचे काम दुसरे आहे : त्या मुलाला त्याची पायरी दाखवणे. जातीवरून किंवा घरच्या धंद्यावरून हिणवून मारलेल्या हाका याच जातीच्या. त्यांत माहिती नसते, अधिकार गाजवलेला असतो. वस्त्यांना चिकटलेली जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. ती नावेही त्या वस्तीतल्या लोकांनी ठेवलेली नव्हती.

तेव्हा ओळख पटवते ते टोपणनाव चांगले आणि पटवत नाही ते वाईट, असा सोपा नियम करावा असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. 'जुना' या नावाने तो मोडला.

गेल्या वर्षी गावी गेलो असता बसस्थानकाबाहेर चौथा गजानन भेटला. शेती करतो, सोयाबीन आणि तूर. चहा घेताना मी सवयीने त्याला 'जुन्या' म्हणालो. तो हसला. मग बशी खाली ठेवून म्हणाला, "आता गावात समदे जुनाच म्हनतात मले. त्याचं काही नाही. पन पोरगी आठवीत हाये. तिले शाळेत जुन्याची म्हनतात. तिनं इचारलं, बाबा, तुमाले जुना काहून म्हनतात? काय सांगू तिले?"

माहितीच्या हिशेबाने 'जुना' हे अव्वल टोपणनाव होते. दोन अक्षरे, चार गजाननांत एकच जुना, शंकेला जागा नाही. शब्दात शिवी नाही, शरीराचे व्यंग नाही, जात नाही. पण त्याच्या पोटात एक नापासाचा निकाल होता आणि तो तीस वर्षे रोज जाहीर होत राहिला. गाडगे आणि तुकडा हे शब्द त्याहून हलके, तरी ते मिरवले गेले. दोहोंत फरक शब्दाचा नाही. ज्याचे नाव, तो स्वतःची ओळख करून देताना ते सांगतो का, आणि नको झाले तर त्याला ते खाली ठेवता येते का, एवढाच आहे. गजाननला ते खाली ठेवता आले नाही, कारण ते वर्गातल्या सर्वांत मोठ्या माणसाने दिले होते.

शिक्षकाच्या तोंडून पडलेल्या शब्दाचे वजन किती, याचा एक प्रयोग शिक्षणशास्त्रात गाजला आहे. रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ साली तो प्रसिद्ध केला. अमेरिकेतील एका प्राथमिक शाळेत त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मुले निवडली आणि शिक्षकांना सांगितले की ही मुले यंदा चमकणार आहेत. वर्षअखेरीस, विशेषतः खालच्या वर्गांत, ती मुले चाचणीत इतरांपेक्षा खरोखरच पुढे गेलेली दिसली. या निष्कर्षांवर नंतर पुष्कळ वाद झाला आणि परिणाम मूळ दाव्याइतका मोठा नसतो असे पुढच्या अभ्यासांत आढळले. परिणाम छोटा धरला तरी, चांगल्या शिक्क्याने थोडे पुढे जाता येत असेल तर वाईट शिक्क्याने थोडे मागे राहता येते, ही शंका रास्त आहे. आमचा गजानन पुढे दहावीपर्यंत पोचला नाही. 'जुना' या शब्दामुळेच, असे मी म्हणणार नाही. एका मुलावरून निष्कर्ष काढू नये हे मला माझ्या धंद्याने शिकवले आहे.

वर्गात या विषयावर काही करायचे असेल तर हजेरीपट घ्यावा. प्रत्येक नाव किती वेळा येते ते मुलांनी मोजावे. आता गजानन क्वचितच सापडेल, पण दोन-तीन वैष्णवी किंवा वेदांत निघतील. कोणत्या नावाने किती प्रश्नांचे काम होते ते निम्मे-निम्मे करून काढता येईल. वरच्या वर्गात हेच दोनाच्या घातांकाने व लॉगॅरिथमने करावे. मग प्रत्येकाने कागदावर एकच गोष्ट लिहावी : मला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते? दुसऱ्याला काय म्हणतात ते लिहायचे नाही. कुणाचा कागद मोठ्याने वाचायचा नाही. शिक्षकांनीही आपला कागद लिहावा. आपल्यालाही मुलांनी एक नाव ठेवलेले असते आणि ते आपण सोडून साऱ्या शाळेला ठाऊक असते!

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव लिहिणे सक्तीचे झाले. आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. सारख्या नावांचा घोटाळा यानेही थोडा कमी होईल. माझ्या मोबाइलमध्ये आजही चार गजानन आहेत. त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर मी चौथ्यापुढचा 'जुना' हा शब्द पुसला आणि त्याच्या आईचे नाव लिहिले, गजानन कौसल्या. अधूनमधून त्याचा फोन येतो, सोयाबीनच्या भावाविषयी, पोरीच्या शाळेविषयी. पडद्यावर ते नाव उमटते आणि अजूनही क्षणभर मला थांबावे लागते, हा कोणता गजानन.